शिवू, तू मागितलेला आवाज

शिवू,

काल नाझिया आली होती. तुझ्या नांदेडच्या ऑफिसातली. तू गेलीस त्या दिवशीही ती आली होती म्हणे, पण त्या गर्दीत मी कुणाकडे धड पाहिलंच नव्हतं. काल दुपारी एकटीच आली, एसटीने, आणि अहमदपूरच्या स्टँडवरून घर विचारत विचारत चालत आली. आत्याबाईंजवळ थोडा वेळ बसली. आत्याबाई काही बोलल्या नाहीत, हल्ली त्या कुणाशीच बोलत नाहीत. मग ती माझ्यामागे स्वयंपाकघरात आली, ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "वैनी, मॅडमचं एक काम राहिलंय. तुमचा आवाज पाहिजे."

मी चहाचं पातेलं घासत होते. मी म्हटलं, "बघू."

तुलाही मी बघूच म्हणायची.

तुला मळ्यात मामंजींच्या समाधीशेजारी मातीत बसवून सगळे परत आले, त्यानंतर घरात नुसतं तुझंच बोलणं चाललं आहे. पेपरात तुझा फोटो आला. शिक्षण किती, कुठे कुठे भाषणं केली, कोणती बक्षिसं मिळाली, सगळं छापलंय. तुझा दादा येईल त्याला तो पेपर दाखवतो. त्यातलं सगळं खरंच असेल, पण त्यात मला तू कुठे सापडत नाहीस. म्हणून हे लिहायला बसले. माझ्या अक्षराला तू हसायचीस, आता हसायला तू नाहीस, आणि दुसऱ्या कुणाला हे दाखवायचं नाही.

मी या घरात आले तेव्हा तू पाचवीत होतीस. माझी शाळा चौथीत सुटलेली. तुला हे कळलं तेव्हा तू गल्लीभर सांगत सुटलीस, "आमची वैनी माझ्या मागच्या वर्गात हाय." आत्याबाईंनी तुला धपाटा घातला होता. मला राग आला नाही. उलट बरं वाटलं, या घरात आपल्या बरोबरीचं कुणीतरी आहे म्हणून. संध्याकाळी तू अभ्यास करायचीस आणि मी शेजारी बसून ज्वारी निवडायची. तू मोठ्याने वाचायचीस. मला वाटायचं ते तुझं पाठांतर आहे. तू माझ्यासाठी वाचत होतीस हे तू मला फार उशिरा, पार पुण्याहून परत आल्यावर सांगितलंस.

दहावीनंतर तुला लातूरला धाडायचं का नाही यावरून घरात जे झालं ते तू आयुष्यभर लोकांना सांगत राहिलीस. मला त्याची लाज वाटायची. पुरुषांची पंगत बसली होती. मामंजी म्हणाले, "अहमदपुरात काय कालेजं न्हाईत? पोरीला एकटीला लातूरला कशाला ठिवायचं?" तुझा दादा ताटात बघत होता. आत्याबाई दारात. तू आतल्या खोलीत रडत होतीस आणि ते सगळ्यांना ऐकू येत होतं. मी भाकरी वाढायला वाकले आणि माझ्या तोंडून गेलं, "जाऊ द्या तिला. शिकंल ती."

बस, एवढंच. मामंजींसमोर मी तोवर कधी बोललेच नव्हते. सगळ्यांचे हात थांबले. मामंजींनी माझ्याकडे पाहिलं नाही, भाकरीकडे पाहिलं. म्हणाले, "वाढ की आदी." मी वाढली. मग बऱ्याच वेळाने पाणी पिऊन ते तुझ्या दादाला म्हणाले, "खोली बघून ये. बायकांचं वसतिगृह असंल तर बघ."

तू म्हणायचीस, "वैनी, तू काय जोरात बोलली नव्हतीस. हळूच बोललीस. म्हणून तर कुणाला न्हाई म्हणता आलं न्हाई." मला ते काही पटायचं नाही. मला वाटतं मामंजींच्या मनात ते होतंच, कुणीतरी म्हणायची वाट होती.

मग तुझा डबा सुरू झाला. आपल्या गावातून लातूरला शिकणाऱ्या सगळ्या लेकरांचे डबे सकाळच्या गाडीने जायचे. मी डब्याला फडकं बांधून, त्यावर तुझं नाव शिवून, स्टँडवर जाऊन द्यायची. घराबाहेरचं माझं तेवढंच एक काम होतं. पहिल्या दिवशी कंडक्टरला काय म्हणावं ते मला सुचेना. मी नुसता डबा पुढे धरला. तो म्हणाला, "ताई, हे बॉम्ब हाय का डबा? काही बोलाल का न्हाई?" बाजूच्या बाया हसल्या. हळूहळू मी त्यांच्यात उभी राहून बोलायला लागले. कुणाच्या लेकराला शेंगाची चटणी लागते, कुणाचा डबा न खाता तसाच परत येतो. तुझा डबा कधी भरलेला परत आला नाही. एकदा मात्र त्यात नेहमीच्या चिठ्ठीऐवजी एक लिमलेटची गोळी आली होती. मी ती आत्याबाईंना न दाखवता खाल्ली.

बारावीला तुला मेडिकल मिळालं नाही. घरात सुतक लागल्यासारखं झालं. तू नांदेडला कंप्युटरला गेलीस, पुढे पुण्याला. तिथे मोठी नोकरी लागली आणि आम्हाला वाटलं तू आता तिकडचीच झालीस. आणि एक दिवस बॅग घेऊन परत. नांदेडलाच काम करणार म्हणालीस. आत्याबाई कपाळाला हात लावून बसल्या. "लोकाच्या पोरी पुण्याहून नवरा घिऊन येतात, ही कंप्युटर घिऊन आली." मामंजी मात्र दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकाला सांगायचे, आमची पोरगी डॉक्टर झाली. तू सांगून थकलीस की माझ्या नावापुढचं डॉक्टर वेगळं, संशोधनाचं आहे. रविवारी घरी आलीस की मोंढ्याच्या बाजारातला कुणी ना कुणी गुडघा दाखवायला यायचाच. तू त्याचे कागद बघून, नीट वाचून, कोणत्या डॉक्टरकडे जायचं ते सांगायचीस. मामंजी खूश.

तुझं काम मला कळलं ते चुलीजवळ. तू पाटावर बसून माझ्याकडे बघत होतीस आणि एकदम म्हणालीस, "वैनी, भाकरी उलटायची कधी ते तुला कसं कळतं?"

"कळतं."

"पण कशावरून?"

"आता ते कसं सांगू? दिसतं. लई भाकरी जाळल्या मग दिसायला लागलं."

"हां, तेच," तू मांडीवर हात मारलास. "आम्ही मशीनला बारक्या लेकरांचे फोटो दाखवतो. हे पिवळं पडलंय, हे चांगलं हाय. मग तिला इचारायचं, हे कसं हाय सांग. चुकली की म्हणायचं, चुकलीस. आसं हजारदा. मग तिला दिसायला लागतं. कशावरून दिसतं ते तिलाबी सांगता येत न्हाई."

मी तव्यावरची भाकरी काढली. म्हटलं, "आन् तवर जळलेल्या भाकरी कोण खातं?"

तू हसलीस. मग हसणं थांबवून म्हणालीस, "कुणालाच खाऊ देत न्हाईत. डॉक्टर रक्त तपासतात ते तपासतातच. मशीन नुसती बाजूला बसून अंदाज करती."

नवीन जन्मलेल्या लेकराची कावीळ वेळेवर नाही कळली तर ती मेंदूत जाते, लेकरू कायमचं अधू होतं, हे तू मला सांगितलंस. खेड्यात बाळंतीण लवकर घरी येते, आणि पिवळेपणा घरी आल्यावर चढतो. अंधाऱ्या खोलीत तो कुणाला दिसत नाही. आशाताईच्या साध्या मोबाइलवर फोटो काढून तिथल्या तिथे कळलं पाहिजे, हे तुझं म्हणणं. सोपं वाटायचं ऐकायला.

लोह्याच्या पुढच्या त्या गावात तू मला घेऊन गेलीस ते आठवतं का? तुझ्या ऑफिसातल्या पँटवाल्या पोरांच्या हातात बाया लेकरू देईनात, म्हणून मला नेलंस. मी कुठे काय बोलणार होते, पण लुगड्यातली बाई बघून त्यांना धीर आला असावा. आशाताईने आदल्या दिवशी गावात सांगून ठेवलं होतं, उद्या लेकरांचे फोटो काढायला लोक येणार. झालं. फोटो म्हटल्यावर बायांनी काय केलं असेल? एकेक लेकरू पावडर थापून पांढरंफटक करून आणलेलं. डोळ्यात काजळ, गालावर तीट, अंगात नवं झबलं, एकाला तर चार दिवसांच्या जिवाला टोपीवर फूल लावलेलं. तुझी पोरं तोंड वासून बघत राहिली. एक सासू तुला म्हणाली, "मॅडम, आमच्या नातवाचा एक फ्रेम करून द्या बरं."

तू हसून हसून तिथेच जमिनीवर बसलीस. मग मी आणि आशाताईने ओल्या फडक्याने लेकरं पुसली. बाया रुसल्या. तू एकेकीला समजावत होतीस, "फोटो नटायचा न्हाई, बघायचा हाय."

पण ते हसण्यावारी गेलं. विभूतीचं तसं गेलं नाही.

मशीन कपाळाचा फोटो घ्यायची. कपाळच कामून, तर ते उघडं असतं, लेकराचे कपडे काढावे लागत नाहीत, थंडी बाधत नाही. तूच ठरवलं होतंस. आणि उदगीरकडच्या, आपल्याकडच्या काही गावांतून मशीन सारखी म्हणायची, लेकरू चांगलं आहे. रक्त तपासलं की कावीळ निघायची. तुम्ही महिनाभर डोकं फोडलं. मोबाइल बदलले, उजेड बदलला. शेवटी एका संध्याकाळी तू ते फोटो घेऊन इथे घरी बसली होतीस, एकेक मोठा करून बघत. तेवढ्यात आत्याबाई पूजा करून बाहेर आल्या आणि रोजच्यासारखा तुझ्या कपाळाला विभूतीचा हात लावला. तू ते आरशात नाही, मोबाइलच्या कॅमेऱ्यात पाहिलंस. मग परत त्या फोटोंकडे वळलीस.

त्या लेकरांच्या कपाळावर विभूती होती. पुसट, राखाडी. जन्मल्यापासून आपल्या घरात लावतात तशी.

"वैनी," तू म्हणालीस, "मी ह्याच घरात वाढले. माझ्या ऑफिसातल्या परगावच्या पोरांना दिसली न्हाई तर ठीक हाय. मला दिसली न्हाई."

मी म्हटलं, "तुला कशी दिसंल? आपल्यात कपाळ म्हंजे विभूतीसकट कपाळ."

आत्याबाई म्हणाल्या, "म्हंजे आता द्येवाच्या राखंनं तुझी मशीन बिघडली का?" तू त्यांच्या गळ्यात पडलीस. "न्हाई आई, तुझ्या राखंनं तिची चूक सापडली." त्यानंतर तुम्ही लेकराच्या छातीचा फोटो घ्यायला लागलात, शेजारी रंगांची पट्टी ठेवून. दोन-तीन वर्षांचं काम परत पहिल्यापासून केलंत. त्या काळात तू एकदाही चिडलेली मला आठवत नाही. जेवायची मात्र कमी.

आता त्या आवाजाचं.

मशीन शिकली. मग तिने आईला सांगायचं कसं, हा प्रश्न आला. पडद्यावर लिहून आलेलं बाळंतिणीने वाचायचं कधी, म्हणून तिला बोलतं केलंत. कुठल्यातरी शहरातल्या बाईचा आवाज घातलात, रेडिओवरच्या बातम्यांसारखा. "आपल्या शिशूस त्वरित नजीकच्या आरोग्य केंद्रात न्यावे." तू मला ऐकवलंस आणि सांगितलंस, एका घरात हे वाजलं तर सासू सुनेला म्हणाली, "काय म्हनलं गं ते?" सून म्हणाली, "काय की, सरकारी काहीतरी हाय." आणि लेकरू पाळण्यात टाकून दोघी कामाला लागल्या.

त्या दिवसापासून तू माझ्या मागे लागलीस. "वैनी, तू बोल. आपल्या बोलीत. तुझं ऐकतील."

मी म्हटलं, "माझा आवाज रेशनच्या दुकानात ऐकू जात न्हाई. तो दोनदा इचारतो, काय, काय म्हणून."

"म्हणूनच पाहिजे."

तुला ठाऊक होतं, मी तुला मोबाइलवर कधी बोलून निरोप पाठवला नाही. चौथी शिकलेली बाई एकेक अक्षर शोधून टाइप करते आणि तू एवढी शिकलेली बोलून पाठवतेस, यावर तू किती हसायचीस. पण मला स्वतःचा आवाज बाहेर कुठेतरी राहतो याचीच भीती वाटते.

तरी लाज हे काही खरं कारण नव्हतं. ते मी तुला मागच्या दिवाळीत सांगितलं. तू वाक्यं वाचून दाखवलीस, मी बोलायची ती. एक होतं, बाळाला कावीळ आहे, दवाखान्यात न्या. आणि दुसरं, बाळ ठीक आहे, काळजी करू नका.

"हे दुसरं मी म्हणणार न्हाई," मी म्हटलं.

"कामून?"

"लेकरू ठीक हाय आसं मी म्हणायचं, आन् ते ठीक नसलं मग?"

"मशीन लई कमी चुकती आता वैनी."

"चुकती न्हवं?"

"चुकली तर चूक मशीनची. माझी. तुझी कशी?"

"आवाज माझा न्हवं? ती माय म्हणंल, त्या बाईनं सांगितलं होतं काळजी करू नको."

तू चिडलीस. खरंच चिडलीस, भाजीचं ताट बाजूला सारलंस. "आन् मला लातूरला जाऊ द्या म्हणालीस तवा तुला खात्री होती? मी नापास झाले असते तर? पळून गेले असते तर? खात्री झाल्यावरच बोलायचं म्हणलं तर कुणीच कुणाला काही सांगू नये."

मी म्हटलं, "तू माझ्या डोळ्यापुढं होतीस. ती लेकरं न्हाईत." तू उठून गेलीस. सकाळी नेहमीसारखी चहाला आलीस, पण तो विषय काढला नाहीस. मीही काढला नाही. आणि मग तुझं दुखणं निघालं.

नांदेडच्या दवाखान्यात मी तुझ्याजवळ होते तेव्हा एकदा तू डोळे उघडून म्हणालीस, "वैनी, ते तुझं दुसरं वाक्य..." तेवढ्यात सिस्टर सलाइन बदलायला आली. नंतर तुला झोप लागली. दुसऱ्या दिवशी तुला ते आठवत नव्हतं, का मीच विचारलं नाही, आता सांगता येत नाही. एवढं मात्र वाटत राहिलं की तू माझ्यावर नाराज होऊन गेलीस. त्या आवाजासाठी नाही. मी तुझ्या कामावर विश्वास ठेवला नाही, असं तुला वाटलं असेल म्हणून.

काल मी बघू म्हटल्यावर नाझिया गेली नाही. पातेलं माझ्या हातातून घेऊन तिने विसळलं. मग म्हणाली, "वैनी, दुसरं वाक्य आता न्हाई. मॅडमनी काढून टाकलं."

"कधी?"

"दिवाळी करून आल्या ना, त्याच हप्त्यात. आमी लई भांडलो त्यांच्याशी. मी सोता भांडले. आयांना तेच तर ऐकायचं असतं, लेकरू ठीक हाय म्हणून. मॅडम म्हणाल्या, जे आमच्या वैनीला म्हणता येत न्हाई ते मशीननं म्हणू नये."

मी पदराने हात पुसत राहिले. पुसून झाले तरी पुसत राहिले.

मग तिने तू केलेली नवी वाक्यं सांगितली. पहिलं, तुझं बाळ पिवळं दिसतंय, मी चुकत असेन, पण आजच डॉक्टरला दाखव. दुसरं, आज मला पिवळं दिसलं नाही, उद्या पुन्हा बघू, आणि मधे तुला तसं वाटलं तर माझी वाट बघू नको.

शिवू, हे म्हणता येण्यासारखं आहे. हे कुणालाही तोंडावर म्हणता येईल. तू दिवाळीत भाजीचं ताट सारून गेलीस ते हे घेऊन गेलीस, आणि मला सांगितलं नाहीस. भांडणात मी जिंकले असं मला अजिबात वाटत नाही. लातूरचं जे तू म्हणालीस ते माझ्या मनात आहेच. खात्री नसताना बोलावं लागतं, हे तुझं. आणि खात्री नाही हेही बोलावं, हे माझं. दोन्ही तू एकाच वाक्यात बसवलंस.

मी नाझियाला म्हटलं, "पंखा बंद कर."

पहिल्यांदा बोलले तर ती म्हणाली, "वैनी, हे तर शाळेत धडा वाचल्यावानी झालं." दुसऱ्यांदा मधलेच शब्द विसरले. तिसऱ्यांदा मी म्हटलं, मला समोर कुणीतरी पाहिजे, मोबाइलशी कसं बोलू. तर ती पोरगी पाटावर बसली, ओढणी डोक्यावरून कानामागे आवळली बाळंतिणीसारखी, आणि आतून उशी आणून मांडीवर घेतली. उशीला थोपटायला लागली. मला हसू आलं, मग रडू आलं, मग दोन्ही गेलं. मी तिच्यासमोर खाली बसले आणि म्हटलं, "माय, तुझं बाळ पिवळं दिसायलंय गं. मी चुकतबी असंन. पर आजच डॉक्टरला दाखीव."

"माय" तुझ्या वाक्यात नव्हतं. ते माझं. नाझिया म्हणाली राहू द्या.

मग तिने ते मला ऐकवायला मोठ्याने लावलं. मी तोंड फिरवून उभी राहिले. माझा आवाज मला कुणा दुसऱ्याच, बरीच वर्षं ओळखीच्या बाईचा वाटला.

तेवढ्यात मधल्या खोलीतून आत्याबाईंची हाक आली.

"कोण आलंय गं? कुणाचं लेकरू पिवळं पडलंय?"

नाझियाने माझ्याकडे पाहिलं.

"आगं, ती बाई येवढं सांगायलीय आन् तुमी बसून काय ऱ्हायलाव? तुझ्या नवऱ्याला म्हणावं गाडी काढ. लेकराला उन्हाचं नीट झाकून घ्या."

मी आत गेले. तू गेल्यापासून त्या भिंतीकडे तोंड करून पडून असायच्या. काल त्या उठून बसल्या होत्या. पाय खाली सोडलेले, पदर सावरत होत्या, काठी हाताने चाचपत होत्या.

"चल, मीबी येते," म्हणाल्या.

शिवू, त्यांना खरं सांगायला माझं तोंड उघडेना. मी चपला त्यांच्या पायांपुढे सरकवल्या आणि हात दिला.